फसवणुकीच्या इंग्रजी शब्दांची कुळकथा

रानबदके पकडण्याची एक युक्ती १७व्या शतकात नेदरलँड्समधून इंग्लंडमध्ये आली. झाडीत दडलेले एखादे शांत, उथळ तळे निवडायचे आणि त्याच्या काठापासून आत चर खणायचे. हे चर तोंडाशी रुंद असत, पुढे वळत वळत अरुंद होत जात, आणि त्यांच्यावर कमानी उभारून जाळे पसरलेले असे. चराच्या एका बाजूला बोरूचे कूड तिरपे, एकाआड एक लावलेले असत. त्यांच्यामागे पारधी लपून बसे आणि त्याचा कोल्ह्यासारखा दिसणारा लहानसा कुत्रा दोन कुडांमधल्या फटीतून क्षणभर दिसे, पुन्हा पुढच्या कुडामागे नाहीसा होई. शत्रू पाण्याबाहेर असेल, तर पळून जाण्याऐवजी त्याच्यावर नजर ठेवत त्याच्या मागोमाग जाण्याची बदकांची सवय असते. त्या सवयीने ती चरात आत आत शिरत. वळण पार झाले की पारधी त्यांच्या पाठीमागे उभा राही, बदके घाबरून पुढे झेपावत आणि टोकाच्या पिशवीसारख्या जाळ्यात जाऊन पडत. तळ्यावर उरलेल्या बदकांना वळणामुळे यातले काहीच दिसत नसे, आणि या रचनेतली खरी हुशारी तीच होती, कारण त्यांनाही नंतर त्याच वाटेने न्यायचे होते.

पिंजऱ्याला डच भाषेत 'कोय' म्हणतात. तो शब्द इंग्रजीत गेला आणि, बहुतेक कोशकारांच्या मते, त्याआधी येणारे डच उपपदही त्याला चिकटूनच गेले. त्यातून 'डिकॉय' हा शब्द झाला. गंमत अशी की आज 'डिकॉय' म्हटले की पिंजरा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, तर पिंजऱ्याकडे नेणारे आमिष येते. सापळ्याचे नाव सरकत सरकत सापळ्यातल्या सर्वांत निरुपद्रवी दिसणाऱ्या भागाला जाऊन चिकटले.

इंग्रजीत फसवणुकीसाठी शब्दांची रेलचेल आहे आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणारा माणूस त्यांच्यापुढे हमखास अडखळतो, कारण शब्दकोशात 'चीट', 'डिसीव्ह', 'डिल्यूड', 'स्विंडल', 'ड्यूप', 'हुडविंक' या सगळ्यांपुढे 'फसवणे' हाच अर्थ पहिला दिलेला असतो. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येक शब्दाच्या पोटात फसवण्याची एक वेगळी रीत साठवलेली आहे, आणि शब्दाचे मूळ पाहिले की ती रीत बऱ्याचदा दिसते. बऱ्याचदा, नेहमी नव्हे. या शब्दांच्या मुळांबद्दल सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी स्वतःच थापा आहेत आणि त्यांच्याकडेही यायचे आहे.

सर्वांत सर्वसाधारण शब्द 'डिसीव्ह'. लॅटिनमध्ये 'कापेरे' म्हणजे पकडणे, हाती घेणे. त्याला 'डे' हा उपसर्ग लागून 'डेकिपेरे' झाले, म्हणजे फासात अडकवणे. जुन्या फ्रेंचमधून उच्चाराची झीज होत हा शब्द इंग्रजीत आला. त्याचे भाऊबंद इंग्रजीत पुष्कळ आहेत: 'कॅप्चर' म्हणजे कैद करणे, 'रिसीव्ह' म्हणजे स्वीकारणे, 'पर्सीव्ह' म्हणजे जाणिवेने पकडणे. मराठी वाचकाला हे मूळ समजावून सांगावे लागू नये, कारण आपला 'फसवणे' हा शब्द अगदी त्याच वाटेने आला आहे. गाडी चिखलात फसते, पाय दगडांत फसतो. फसणे म्हणजे आधी अडकणे, आणि मग विश्वासाने पाऊल टाकून अडकणे. फसवणारा समोरच्याला अडकवतो, पण पाऊल टाकतो तो समोरचाच. बदकांना चरात कोणी ढकलत नाही.

इथे एक भेद नीट समजून घेण्यासारखा आहे, तो 'लाय' आणि 'डिसीव्ह' या दोन क्रियापदांमधला. 'लाय' म्हणजे खोटे बोलणे. हा शब्द जुन्या इंग्रजीतला, जर्मानिक कुळातला आहे. खोटे बोलणे ही बोलणाऱ्यापुरती क्रिया आहे आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला नाही तरी ती पूर्ण होते. 'तो खोटे बोलला, पण कोणालाही ते पटले नाही' या वाक्यात काही खटकत नाही. 'त्याने मला फसवले, पण मी फसलो नाही' हे वाक्य मात्र इंग्रजीतही आणि मराठीतही कोसळते, कारण 'डिसीव्ह' हे यशाचे क्रियापद आहे. याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे: एकही खोटा शब्द न उच्चारता पूर्ण फसवणूक करता येते. त्या कुत्र्याने बदकांना काहीही सांगितलेले नसते.

खोटे न बोलता फसवण्याच्या या कलेसाठी इंग्रजीत दोन खास शब्द आहेत आणि दोन्ही न्यायालयाच्या वाटेने जातात. पहिला 'इक्विव्होकेट'. लॅटिनमध्ये 'समान' आणि 'आवाज' या दोन शब्दांच्या जोडणीतून तो तयार झाला: एकाच आवाजात दोन अर्थ सारख्याच वजनाने बोलणे, म्हणजे आपल्याकडचे द्व्यर्थी बोलणे. एरवी तर्कशास्त्राच्या पोथीत पडून राहिला असता असा हा शब्द १६०६ मध्ये लंडनमध्ये एकाएकी गाजला. आदल्या वर्षी इंग्लंडची संसद राजासकट दारूगोळ्याने उडवून देण्याचा कट उघडकीला आला होता आणि त्या प्रकरणात हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूवर खटला चालला. कॅथलिक असणेच धोक्याचे असलेल्या त्या काळात, शपथेवर प्रश्न विचारला गेला असता सरळ खोटे न बोलता पण सत्यही उघड न करता उत्तर कसे द्यावे, याची चर्चा करणारी एक पुस्तिका सरकारी पक्षाने पुढे ठेवली. उत्तराचा अर्धा भाग मोठ्याने उच्चारायचा आणि उरलेला मनात म्हणायचा, देव दोन्ही ऐकतो, असा त्या युक्तिवादाचा आशय होता. गार्नेटला फाशी झाली. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये दारूच्या नशेतला द्वारपाल नरकाचे दार उघडण्याची नक्कल करताना ज्या 'इक्विव्होकेटर'ला आत घेतो, तो तराजूच्या दोन्ही पारड्यांच्या बाजूने आणि विरुद्ध शपथ घेऊ शकणारा असतो. त्या काळच्या प्रेक्षकाला हा टोला कोणाला आहे हे वेगळे सांगावे लागले नसेल.

दुसरा शब्द 'प्रिव्हॅरिकेट'. त्याच्या मुळाशी पाय फेंगडे टाकत, वाकडे चालणाऱ्या माणसाचे चित्र आहे. रोमन कायद्यात जो फिर्यादी आतून आरोपीला सामील होऊन मुद्दाम कच्चा खटला चालवी, त्याला या धातूवरून नाव होते: एक पाय इकडे, एक तिकडे. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ सरळ उत्तर टाळत राहणे एवढाच उरला आहे, आणि पुष्कळ इंग्रजी बोलणारेही त्याची 'चालढकल करणे' याच्याशी गल्लत करतात. 'उडवाउडवीची उत्तरे देणे' हा आपला वाक्प्रचार त्याच्या सर्वांत जवळचा आहे.

आता खेळाकडे येऊ. 'लूडेरे' म्हणजे खेळणे या लॅटिन क्रियापदापासून फसवणुकीच्या शब्दांचे एक अख्खे घराणे निघाले आहे. 'डिल्यूड' म्हणजे मुळात कोणाशी तरी खेळून त्याची थट्टा करणे. 'कोल्यूजन' म्हणजे दोघांनी मिळून खेळलेला डाव, आपल्या भाषेत संगनमत. 'इल्यूड' म्हणजे खेळता खेळता हातातून निसटणे. याच घराण्यातल्या 'इल्यूजन' आणि 'डिल्यूजन' या दोन शब्दांची सरमिसळ फार होते. पाण्यात अर्धी बुडवलेली काठी वाकलेली दिसते, ते 'इल्यूजन'. काठी सरळ आहे हे पक्के ठाऊक असले तरी ती वाकलेलीच दिसत राहते, कारण इथे चूक डोळ्यांना मिळणाऱ्या माहितीची आहे, समजुतीची नाही. 'डिल्यूजन' ही समजुतीची चूक आहे: शेजारी आपल्या भिंतीतून विचार चोरतो अशी एखाद्याची खात्री झाली, आणि विरुद्ध पुरावा कितीही दाखवला तरी ती ढळली नाही, तर मानसोपचारात त्यासाठी हा शब्द वापरतात. पहिल्यासाठी मराठीत 'दृष्टिभ्रम' किंवा 'आभास' आणि दुसऱ्यासाठी 'संभ्रम' हे शब्द रूढ आहेत, पण रोजच्या लिखाणात दोन्हींची बोळवण 'भ्रम' या एकाच शब्दावर होते आणि भेद हरवतो.

खेळानंतर रंगमंच. 'हिपोक्रिट' म्हणजे दांभिक. पण ग्रीक भाषेत हा शब्द नटासाठी होता आणि त्यात निंदा नव्हती. त्यामागचे क्रियापद 'उत्तर देणे' या अर्थाचे, आणि त्यावरून रंगमंचावर भूमिका करणे. भूमिका रंगमंचावरून खाली उतरून घरात, मंदिरात, सभेत शिरली तेव्हा शब्दाला कलंक लागला. मराठीत 'सोंग' या शब्दाच्या वाट्याला हेच दुहेरी आयुष्य आले आहे: उत्सवात आणलेल्या सोंगाचे कौतुक होते, आजारपणाचे सोंग आणणाऱ्याचे होत नाही.

सोंगावरून 'फेन' हा शब्द आठवतो, म्हणजे बतावणी करणे. त्याचे मूळ लॅटिन 'फिंगेरे': माती किंवा पीठ हाताने मळून, थापून आकार देणे. 'फिक्शन' आणि 'फिगर' हे त्याच धातूचे शब्द, आणि कणकेच्या गोळ्याला असलेला 'डो' हा इंग्रजी शब्द त्याच आदिम इंडो-युरोपीय मुळापासून निघालेला. याच मुळाची संस्कृत शाखा म्हणजे 'दिह्', लिंपणे, आणि त्यावरून 'देह'. म्हणजे कादंबरी, कणकेचा गोळा, खोटा आजार आणि माणसाचे शरीर यांच्या नावांमागे थापून आकार देणारे एकच हात आहेत. मला या सगळ्या शब्दकुळात हा धागा सर्वांत देखणा वाटतो, आणि तो बिनबुडाचाही नाही. तुलनात्मक भाषाशास्त्रात तो सर्वमान्य आहे.

असाच दुसरा धागा थेट आपल्या दारातून जातो. इंग्रजीतला 'थग' हा शब्द १९व्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातून तिकडे गेला. हिंदीतला 'ठग', मराठीतला 'ठक' हाच तो. वाटसरूंशी गोड बोलून, त्यांच्यासोबत प्रवास करून, संधी साधून गळा आवळणाऱ्या टोळ्यांची वर्णने विल्यम स्लीमन आणि त्याच्या काळातल्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी लिहिली आणि त्यांतून हा शब्द इंग्रजी वाचकांत पसरला. आपल्याकडे ठकवण्यात आजही अक्कल लागते, 'ठकास महाठक' भेटतो; इंग्रजीतला 'थग' मात्र केवळ दांडगा गुंड होऊन बसला आणि त्याची फसवेगिरी गळून पडली. याचे मूळ संस्कृत 'स्थग', म्हणजे लबाड, आणि त्यामागे 'झाकणे' या अर्थाचा धातू असल्याचे व्युत्पत्तिकोश सांगतात. सभा 'स्थगित' होते ती याच धातूवरून. त्या धातूचे लॅटिनमधले भावंड 'तेगेरे', झाकणे. त्याला उलट अर्थाचा उपसर्ग लावला की 'डिटेक्ट' होतो, म्हणजे झाकण काढणे. ठक आणि त्याला हुडकणारा डिटेक्टिव्ह असे एका मुळाचे निघतात.

झाकायचे ते दर वेळी वस्तूवरच असते असे नाही. कधी कधी बघणाऱ्याचे डोळेच झाकतात. 'हुडविंक' १६व्या शतकातला. 'हुड' म्हणजे टोपडे, आणि 'विंक' या शब्दाचा त्या काळचा अर्थ डोळा मारणे नसून डोळे मिटणे असा होता. टोपडे डोळ्यांवर ओढून आंधळे करणे हा शब्दशः अर्थ, आणि तो मागे पडून फसवणे हा लाक्षणिक अर्थ उरला. गोड बोलून नादी लावणे या अर्थाचा 'इन्व्हेगल' हा शब्दही फ्रेंचमधल्या 'आंधळा' या शब्दावरून आलेला आहे. आपण डोळ्यांत धूळ फेकतो, इंग्रज टोपडे ओढतो, एवढाच फरक.

फसणाऱ्याच्या वाट्याला आलेले शब्द तुलनेने थोडे आहेत आणि त्यांत पक्ष्यांना विनाकारण ओढलेले आहे. 'ड्यूप' हा फ्रेंच शब्द हुदहुद पक्ष्याच्या तिकडच्या नावावरून आला, कारण लोकसमजुतीत हा तुरेवाला पक्षी मूर्ख ठरला होता.

बाजारात जे शब्द घडले त्यांची गोष्ट वेगळी. इटलीत जत्रेच्या गर्दीत बाकावर चढून औषधे विकणाऱ्याला 'बाकावर चढ' अशा अर्थाच्या शब्दांवरून जे नाव पडले, ते इंग्रजीत 'माउंटेबँक' झाले. त्याच इटालियनमध्ये बडबडणे या क्रियापदावरून 'शार्लटन' आला. डच भाषेत आपल्या मलमांची फुशारकी मारत हिंडणाऱ्याला जे नाव होते त्याचे इंग्रजी रूप 'क्वॅकसाल्व्हर', आणि त्याचे शेपूट छाटून 'क्वॅक', म्हणजे वैदू किंवा भोंदू डॉक्टर. बदकाच्या आवाजाशी त्याचा संबंध जोडायचे कारण नाही. तिन्ही शब्दांत विकणाऱ्याच्या औषधाचा दोष सांगितलेला नाही, तर त्याच्या तोंडाचा आणि उंचीचा सांगितलेला आहे.

'चीट' या शब्दाचा जन्म मात्र सरकारी दफ्तरातला आहे, आणि मला वाटते त्याच्यावर थोडे थांबावे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनधारक वारस न ठेवता मेला, तर जमीन सरदाराकडे किंवा राजाकडे परत जाई. या परत जाण्याला 'इस्चीट' म्हणत. मुळात फ्रेंच शब्द, त्याच्याही मागे लॅटिनमधले 'पडणे', म्हणजे जे वाट्याला येऊन पडले ते. अशा जमिनींवर राजाचा हक्क लावण्यासाठी खास अधिकारी असत. एखाद्या मृताला वारस आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हातून काय काय होऊ शकते याची कल्पना करायला फार डोके लागत नाही, आणि लोकांनी ती अनुभवावरून केली. त्या पदाच्या नावाची पहिली अक्षरे गळाली, 'चीटर' उरला, आणि १६व्या शतकापर्यंत त्याचा अर्थ सरळसरळ लुबाडणारा असा झाला. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ दोन श्रीमंत बायकांना गंडवण्याचा बेत आखताना म्हणतो की मी त्यांचा 'चीटर' होईन आणि त्या माझा खजिना होतील. त्या वेळी शब्दाचे दोन्ही अर्थ, जप्ती अधिकारी आणि लबाड, एकाच वेळी जिवंत होते, म्हणून तो विनोद चालला. आज शाळेत नक्कल करणाऱ्या मुलाला 'चीटर' म्हणताना जमीन महसूल कोणाच्या मनात येत नाही.

'स्विंडल' १८व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनमधून आला. तिकडे 'श्विंडेल' म्हणजे चक्कर, भोवळ. अवास्तव बेत रचून स्वतः गरगरणारा आणि दुसऱ्यांना गरगरवणारा तो 'श्विंडलर'. इंग्रजीत आधी हा माणूस आला, 'स्विंडलर', आणि त्याच्यावरून 'स्विंडल' हे क्रियापद मागाहून पाडले गेले.

'कॉन मॅन' या शब्दाचा तर जन्मदाखला उपलब्ध आहे. १८४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसाला अटक झाली. तो नीटनेटक्या कपड्यांत रस्त्यावर अनोळखी गृहस्थांशी जुन्या ओळखीच्या थाटात बोलू लागे आणि मग विचारे की उद्यापर्यंत तुमचे घड्याळ माझ्यापाशी ठेवण्याइतका विश्वास तुमचा माझ्यावर आहे का. काही जण घड्याळ काढून देत. वृत्तपत्रांनी त्याचे नाव 'कॉन्फिडन्स मॅन' ठेवले, म्हणजे विश्वासवाला माणूस, आणि पुढे त्याचे लघुरूप झाले. या लघुरूपात एक विचित्र गोष्ट घडली आहे. 'कॉन्फिडन्स' या शब्दातला विश्वास 'फिड' या भागात आहे, लॅटिन 'फिदेस' म्हणजे श्रद्धा, भरवसा. 'कॉन' हा नुसता उपसर्ग आहे. शब्द कापताना विश्वासाचा तुकडा फेकला गेला आणि उपसर्गाला फसवणुकीचा अर्थ मिळाला.

त्याच 'फिदेस'पासून आणखी एक शब्द आला आहे, 'पर्फिडी', म्हणजे विश्वासाच्याच मार्गाने केलेला घात. साहित्यात तो आता जुनाट वाटतो, पण युद्धाच्या कायद्यात तो रोकडा आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक कराराचे ३७वे कलम 'पर्फिडी'ला मनाई करते आणि त्याच कलमात युद्धातल्या हुलकावण्यांना परवानगी देते. झाडापाल्याने तोफ झाकणे, खोटे रणगाडे उभे करणे, चुकीची बातमी पसरवणे, इथून हल्ला करणार असे भासवून तिथून करणे, हे सारे चालते. पांढरे निशाण दाखवून, जखमी असल्याचे भासवून किंवा सामान्य नागरिकाच्या वेषात जवळ जाऊन शत्रूला ठार करणे चालत नाही. दोन्हींत फसवणूक आहे. फरक असा की दुसऱ्या प्रकारात समोरच्याने कायद्याने दिलेल्या संरक्षणावर ठेवलेला विश्वास हत्यार म्हणून वापरला जातो. एकदा तो विश्वास मोडला की पुढच्या खऱ्या जखमीवरही कोणी दया दाखवणार नाही, हे त्यामागचे कारण.

'फ्रॉड'चा अर्थही कायद्यानेच नेमका केला. लॅटिन 'फ्राउस'पासून आलेला हा शब्द बोलण्यात कुठेही वापरला जातो, पण इंग्लंडच्या कायद्यात त्याच्या कडा १८८९ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने 'डेरी विरुद्ध पीक' या निकालात आखून दिल्या. प्लिमथच्या ट्राम कंपनीने आपल्या माहितीपत्रकात लिहिले होते की आम्हाला वाफेवर ट्राम चालवण्याचा हक्क आहे. वास्तविक त्यासाठी व्यापार मंडळाची संमती लागत होती. ती मिळेलच असे संचालक धरून चालले होते, आणि ती बहुतांशी नाकारली गेली. कंपनी बुडाली, भागधारकाने दावा लावला. न्यायाधीशांनी सांगितले की विधान खोटे आहे हे माहीत असताना, किंवा ते खरे असल्याचा विश्वास नसताना, किंवा ते खरे की खोटे याची फिकीरच न करता केले असेल, तरच तो 'फ्रॉड'. संचालक चुकले होते, पण प्रामाणिकपणे चुकले होते, म्हणून ते सुटले. तिन्ही कसोट्यांमधली शेवटची विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे: खरेखोटे पाहण्याची फिकीरच नसणे कायद्याच्या नजरेत खोटे बोलण्याच्याच पंक्तीला बसते.

काही शब्दांची कुळकथा अशी हाताला लागत नाही. 'फेक' चोरांच्या बोलीतून वर आला, 'बांबूझल' आणि 'हंबग' १८व्या शतकात कोठून तरी उगवले, 'स्कॅम' अमेरिकन बोलीत १९६० च्या दशकात दिसू लागला. यांची मुळे अज्ञात आहेत, आणि ज्या धंद्याची ही परिभाषा आहे तो पाहता ते स्वाभाविकही आहे. 'बांबूझल'सारखे शब्द भाषा बिघडवत आहेत अशी तक्रार जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये केली होती. शब्द अजून टिकून आहे.

अलीकडच्या शब्दांत 'गॅसलाइटिंग' एवढा दुसरा कोणताही गाजलेला नाही. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकात नवरा वरच्या मजल्यावर गुपचूप दिवे लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो, आणि बायकोची आपल्या मनाच्या आरोग्यावरची श्रद्धा तो पद्धतशीरपणे उखडू पाहतो. म्हणून या शब्दाचा नेमका अर्थ खोटे सांगणे नव्हे, तर माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा आणि आठवणीवरचा भरवसा दीर्घकाळ पोखरत राहणे असा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टर कोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला, आणि तोवर लोक साध्या मतभेदालाही 'गॅसलाइटिंग' म्हणू लागले होते. चांगल्या, धारदार शब्दाचे असे बोथट होणे मला खटकते, पण वर पाहिले तसे 'थग'चे आणि 'चीट'चेही तेच झाले आहे.

राहिल्या त्या मुळांबद्दलच्या थापा. 'सिन्सिअर', म्हणजे प्रामाणिक, हा शब्द लॅटिनमधल्या 'मेणाविना' या दोन शब्दांपासून आला, अशी एक गोष्ट भाषणांतून वारंवार ऐकू येते: रोमन शिल्पकार संगमरवरातले तडे मेणाने बुजवत, म्हणून बिनमेणाचा पुतळा तो खरा. गोष्ट सुबक आहे आणि तिला आधार नाही. तो शब्द 'शुद्ध, निर्भेळ' या अर्थाच्या एका अखंड लॅटिन विशेषणापासून आला आहे, आणि त्यात मेणाचा थेंबही नाही. 'होक्स' हा शब्द जादूगारांच्या 'होकस पोकस' या मंत्राचे आखूड रूप असावा, हे बहुतेकांना मान्य आहे. पण तो मंत्र म्हणजे चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनेची नक्कल, हा १७व्या शतकाअखेरीस एका इंग्रज धर्मगुरूने केलेला तर्क होता, आणि आज तो सिद्ध झाल्यासारखा सांगितला जातो.

या सगळ्यांत वरताण ठरतो तो 'रेड हेरिंग'. हेरिंग मासा मीठ लावून भरपूर धुरी दिली की तांबूस होतो आणि त्याला उग्र वास येतो. मुख्य मुद्द्यावरून लक्ष उडवण्यासाठी मध्येच टाकलेल्या भलत्या मुद्द्याला इंग्रजीत या माशाचे नाव आहे. त्याचे कारण म्हणून असे सांगितले जाई की शिकारी कुत्र्यांना शिकवताना खऱ्या वासाच्या वाटेवरून हा मासा आडवा फरपटत नेत, म्हणजे कुत्रे चकायचे नाही हे शिकत. प्रत्यक्षात शिकारीवरच्या जुन्या पुस्तकांत अशा माशाचा उल्लेख येतो तो घोड्यांना कुत्र्यांच्या मागे धावण्याची सवय लावण्यासाठी, कुत्र्यांना चकवण्यासाठी नव्हे. कुत्र्यांची गोष्ट लोकांच्या मनात रुजवली ती विल्यम कॉबेट या पत्रकाराने. १८०७ मध्ये, नेपोलियनचा पराभव झाल्याच्या खोट्या बातमीमागे धावून देशातले प्रश्न विसरलेल्या इंग्रज वृत्तपत्रांना झोडपताना, लहानपणी आपण सशामागच्या कुत्र्यांना असा मासा फरपटून कसे चकवले होते, हे त्याने रंगवून लिहिले. वाचकांना ती गोष्ट इतकी पटली की पुढे शब्दकोशही बराच काळ त्याच माशाच्या वासामागे गेले.